ऑक्साइड आणि ओलं गोणपाट

लोणावळा, २१ ऑक्टोबर २०२४

शादाब,

सलाम. पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. 'जन्मात तुला फोन करणार नाही' असं मी तुला सांगितलं होतं आणि मी शब्दाचा पक्का आहे. पत्राबद्दल आपलं काही बोलणं झालं नव्हतं.

हे पत्र समेटाचं नाही, तेही आधीच सांगून टाकतो. एक प्रश्न आहे. तो सगळ्या मावळात फक्त तुलाच विचारता येईल, कारण बारावीपर्यंत विज्ञान शिकलेला आणि ऑक्साइडच्या डब्यात ब्रश बुडवलेला असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय रे?

झालं असं, की लोहगडवाडीला हिरामावशींच्या चहाच्या टपरीला अँगलचा सांगाडा बसवायला गेलो होतो. पावसाळा संपला की इकडे गंजाचा हंगाम सुरू होतो हे तुला माहीत आहेच, तुझ्या स्टीलच्या दुकानाची पाटीसुद्धा त्यावरच चालते. तर अँगल वर धरताना पित्त उसळलं. पित्तच होतं. पण हिरामावशी कुठे ऐकतात! 'भाऊ, त्वांड बगा आरशात, पांढरं फटक पडलंय. पित्ताला असा घाम सुटत न्हाई,' म्हणाल्या आणि गड उतरून आलेल्या पोरांच्या गाडीत मला घालून थेट तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलं. वेल्डिंगची मशीन तिथेच राहिली.

तिथे डॉक्टर कोण भेटावी? अमृता. बेडसे गावच्या विठ्ठलरावांची धाकटी. त्यांच्या खिडक्यांना आपण गज बसवले तेव्हा ही दप्तर पाठीला लावून 'काका, गज उलटा लावलाय' म्हणून हटकायची. आता तीच माझ्या मनगटातून तार आत घालून हृदयाच्या नसा बघते. मोठा अडथळा कुठे नाही म्हणाली. पण नसांना आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला सूज आलीय. मी पाय पुढे केले. पायाला सूज नाही, तोंडाला नाही, अंगठी सुद्धा सैल होते. 'काका, बाहेरची नाही हो, आतली. दाह म्हणा हवं तर,' ती म्हणाली. दाह हा शब्द तुझ्या भाभीने, हसिनाने, ऐकला आणि तेव्हापासून मी ताक, काकडी आणि सब्जावर आहे. माझ्या आत आग लागलीय आणि ती काकडीने विझणार, असं तिचं पक्कं मत झालंय.

पुढचं ऐक. मला समजावं म्हणून अमृता म्हणाली, लोखंड उघडं पडलं की गंजतं ना, तसंच काहीतरी त्या अस्तराचं होतं. रोजच्या गोळ्या चालू ठेवा, पण आमच्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, अँटिऑक्सिडंट, तुमची तयारी असेल तर त्यात नाव घालते.

आता तूच सांग. गंज धरू नये म्हणून आपण काय करतो? रंगाच्या आधी लाल ऑक्साइड मारतो. अब्बा म्हणायचे, ऑक्साइड म्हणजे लोखंडाची अब्रू. आणि हे औषध अँटी! अँटी म्हणजे उलट, एवढं इंग्रजी मलाही येतं. म्हणजे आतल्या अस्तरावर खुदाने जे काही ऑक्साइड मारून दिलंय ते खरवडून काढायचं? मी अमृताला तसं विचारलं तर ती इतकी हसली की नर्स बघायला आली.

मी हसण्यावारी नेणार नाही. घरी आणलेल्या गोळ्यांत ती अँटी कुठली आहे ते मला कळत नाही, सगळं इंग्रजीत आहे. म्हणून सगळ्याच बंद करून टाकल्या. हसिनाला सांगितलेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे.

पत्र कोंडाजीच्या टेम्पोबरोबर पाठवतोय. तो मला लोखंड टाकतो आणि पुढे कामशेतला तुला स्टील टाकतो, तेव्हा तुझं उत्तर आणायला त्याला काही वेगळा फेरा पडत नाही.

तुझा मोठा भाऊ (अजून तरी),
महंमद


लोणावळा, ४ नोव्हेंबर

शादाब,

तुझं उत्तर नाही. कोंडाजीला विचारलं तर म्हणतो, 'दिलं की हातात. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं. भाऊ, फोन लावा की. म्या काय पोस्टमन हाय व्हय?' खिशात टाकलं म्हणजे फाडलं नाहीस, इतकं मला पुरे आहे.

मी आता तुझ्या उत्तराशिवायच जिंकलोय, ते कळवायला लिहितो.

अमृताने त्या अभ्यासाचं मराठी माहितीपत्रक दिलं होतं. हसिना चष्मा लावून मोठ्याने वाचत होती. त्यात स्वच्छ छापलंय की नसांचं आतलं अस्तर स्वतः एक पदार्थ तयार करतं, त्याने नस मऊ राहते, मोकळी राहते, रक्त अडत नाही. आणि त्या पदार्थाचं नाव काय? नायट्रिक ऑक्साइड! हसिनाला म्हटलं, थांब, परत वाच. तिने परत वाचलं. ऑक्साइडच! आता कोण हसतंय ते बघू, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी तळेगाव गाठलं.

अमृतापुढे कागद ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. तुमचंच माहितीपत्रक सांगतंय की ऑक्साइड नसांना सांभाळतं, आणि तुम्ही मला अँटी देताय. ती या खेपेला हसली नाही. 'काका, तसं नाहीये. हे औषध त्या ऑक्साइडला हात लावत नाही, उलट त्याला वाचवतं. निदान आम्हाला तशी आशा आहे,' म्हणाली. मी म्हटलं, वाचवतं तर मग नाव अँटी कशाला? तिने कागदावर गोल काढले, बाण काढले, गोलांना शेपट्या काढल्या. सुपर म्हणून आणखी एक ऑक्साइड निघालं, ते म्हणे वाईट. एक ऑक्साइड चांगलं, एक ऑक्साइड वाईट, आणि अँटी म्हणतात ते चांगलं. शादाब, मी माझं सगळं आयुष्य एकाच ऑक्साइडवर काढलं रे. माझं डोकं गरगरायला लागलं.

बरं, तिला विचारलं, या औषधाने मी बरा होणार का? म्हणाली, सांगता येत नाही. प्रयोगशाळेत दाह कमी झालेला दिसलाय, माणसांत खात्री व्हायचीय. पूर्वी जीवनसत्त्वांच्या गोळ्या हजारो लोकांना देऊन बघितल्या, हृदयाला फायदा दिसला नाही. हे औषध वेगळ्या वाटेने जातं, म्हणून परत बघायचंय. आणि यातली खरी गंमत ऐक. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली. मला कुठली मिळणार ते मला कळणार नाही. तिलाही कळणार नाही! गिऱ्हाइकाला मी असं सांगू शकेन का, की तुमच्या गेटाला ऑक्साइड मारलंय की नुसतं लाल पाणी, ते मलाही माहीत नाही?

ती खोटं बोलत नाही हे मात्र मला दिसतंय. खोटं बोलणारा माणूस 'नक्की' म्हणतो. ती एकदाही म्हणाली नाही.

नाव घालायचं असेल तर या महिन्याच्या आत सांगा म्हणाली. आणि निघताना नाडी बघून विचारलं, 'काका, रोजच्या गोळ्या घेताय ना?' मी घेतोय म्हटलं.

त्या काही मी घेत नाही. आणि तुला सांगायला हरकत नाही, हल्ली दुकानाचं शटर वर करताना जरा दम लागतो. थंडीमुळे असेल. अब्बांनाही थंडीत व्हायचं. ते गेले तेव्हा ते माझ्याच वयाचे होते, हे परवा हसिनाने बोलून दाखवलं आणि मग उगाच भांडी घासत बसली.

उत्तर दे. भांडण नंतर चालू ठेवू.

महंमद


लोणावळा, १४ नोव्हेंबर

शादाब,

काल मी तुझ्या दारात येऊन गेलो. जीनतने सांगितलं असेलच.

'ते घरात नाहीत, भाई,' म्हणाली. मोटारसायकल दारात होती. चपला दारात होत्या. आतून पंख्याचा आवाज येत होता. नोव्हेंबरात कुणासाठी पंखा लावला होता, ते मी तिला विचारलं नाही. तिने चहा विचारला, मी नको म्हटलं. तिचे डोळे लाल होते. दोघांचं भांडण झालं असेल म्हणून मीही जास्त थांबलो नाही.

मला राग आला, शादाब. इतका राग तू वेगळं दुकान टाकलंस तेव्हाही आला नव्हता. वेगळं होण्याचं मला काही नव्हतं, भाऊ वेगळे होतातच. माझ्या मनाला लागली ती तुझी पाटी. 'गंज विसरा! आता फक्त स्टील.' हायवेवरून जाताना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, तू मलाच विसरा असं लिहिलंयस. तेव्हापासून तीन वर्षं मी कामशेतवरून जाताना मान दुसरीकडे वळवतो. आणि आता मरणाची गोष्ट विचारायला मी तुझ्या दारात येतो आणि तू आत पंखा लावून बसतोस.

पण परत फिरताना तुझं गेट ओढून घेतलं आणि हातच थांबला. लोखंडी आहे! सगळ्या कामशेतला स्टील विकतोस आणि स्वतःच्या घराला अब्बांनी केलेलं ते वेलबुट्टीचं गेट, जे जुन्या घरातून तू कधी काढून नेलंस ते मला कळलंही नाही. मी हाताने चाचपलं. ऑक्साइडचा हात ताजा आहे. बिजागरीच्या मागे, जिथे कुणी बघत नाही, तिथेसुद्धा ब्रश फिरवलायस. अब्बा तिथेच आधी बोट घालून बघायचे.

घरी येईपर्यंत मला कळेना, की मी चिडलोय की काय झालंय. अजूनही कळत नाही. ज्याला मला तोंड दाखवायचं नाही, तो अब्बांच्या गेटाला दर वर्षी ऑक्साइड मारतो. हे मी कुणीकडून वाचायचं?

गोळ्यांचं हसिनाला कळलं. ग्राइंडरच्या खोक्यात सापडल्या. ओरडली नाही, त्याचीच भीती वाटते. शेजारी बसून म्हणाली, 'तुम्हाला नाही समजलं तर नाही समजलं. मलाही नाही समजलं. पण अमृताला समजलंय ना?' मी म्हटलं, जे मला समजत नाही ते मी लोखंडालासुद्धा लावत नाही, पोटात कसं टाकू? यावर ती रडली.

हे शेवटचं पत्र. यापुढे कोंडाजीला त्रास देणार नाही.

महंमद


कामशेत, १९ नोव्हेंबर

भाई,

वालेकुम सलाम. उशीर झाला, माफ करा. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून मी या नसांबद्दलच वाचतोय. बारावीचं विज्ञान पुरलं नाही.

भाई, बाकी सगळं सोडा, फक्त गोणपाट आठवा.

साइटवर गेट बसवताना खालच्या भागाला ऑक्साइड मारून झालेलं असायचं, ओलं असायचं, आणि वरच्या बिजागरीला तुमचं वेल्डिंग राहिलेलं असायचं. वरून ठिणग्या पडायच्या. ठिणगी ओल्या ऑक्साइडवर पडली की तेवढं जळायचं, तिथे फोड यायचा, आणि महिन्याभरात नेमका तिथूनच गंज धरायचा. म्हणून तुम्ही ओरडायचात, 'शाद्या, गोणपाट!' आणि मी भिजवलेलं गोणपाट मध्ये धरून उभा राहायचो. ठिणगी गोणपाटावर पडायची, चर्र करून विझायची. खालचं ऑक्साइड शाबूत राहायचं.

ती गोळी म्हणजे ओलं गोणपाट आहे. ऑक्साइड खरवडणारा ब्रश नव्हे.

अस्तर आपलं आपण ऑक्साइड बनवतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. अंगात ठिणग्याही आपोआप उडतात, शरीराचं काम चालू आहे तोवर उडणारच. साखर, तंबाखू, धूर यांनी जास्त उडतात. या ठिणग्या त्या चांगल्या ऑक्साइडला पसरण्याआधीच जाळतात. मग अस्तर उघडं पडतं, सुजतं, आणि सुजलेल्या जागेतून आणखी ठिणग्या. दुखतं असंही नाही, नुसतं आवळतं, कुणी छातीभोवती दोरी घालून मागून ओढतंय असं, आणि मग डावा जबडा जड होतो. थोडं बसलं की जातं, म्हणून माणूस कुणाला सांगत नाही.

औषधाचं नाव चुकीचं नाही, पण ते ठेवणाऱ्याने आपलं दुकान बघितलेलं नव्हतं, एवढंच.

गोणपाट ओलं मिळेल की कोरडं, ते डॉक्टरीणबाईंनाही कळणार नाही, हे खरं आहे. ओलं मिळालं तरी ते पुरेल की नाही, तेच तर त्यांना बघायचंय. नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण रोजच्या गोळ्या वेगळ्या आहेत, त्यांच्यात अँटी कुठलीच नाही. त्या आजपासून चालू करा. भाभींच्या गळ्याची शपथ आहे.

पाटी तुमच्यासाठी नव्हती. पाटी रंगवणाऱ्याने सुचवलेलं वाक्य होतं. मला तेव्हा बरं वाटलं, आता वाटत नाही.

तुमचा,
शादाब


लोणावळा, २२ नोव्हेंबर

शादाब,

तुझं पत्र हसिनाने वाचून दाखवलं. गोणपाटापाशी आली तसा मी उठलो आणि ग्राइंडरच्या खोक्यातून गोळ्या काढल्या. काय समजायचं राहिलं होतं ते तुला सांगता येणार नाही, पण एकदम सगळं लख्ख झालं. अमृताने गोलांना शेपट्या काढल्या त्याऐवजी एक गोणपाट काढलं असतं तर महिना वाचला असता. आज तिला जाऊन सांगितलं. तिने ते तुझं वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि म्हणाली, 'हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार.' मी नाव घातलं. सही केली. गोणपाट ओलं निघो की कोरडं, आपण मध्ये धरलं तर पाहिजे.

हे सगळं झालं आणि हसिनाला म्हटलं, परत एकदा वाच. माझ्या समाधानासाठी. तिने वाचलं आणि मधेच थांबून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, 'तुम्ही भावजींना आवळतं असं कधी लिहिलं होतं?'

मी नव्हतं लिहिलं. माझी तिन्ही पत्रं तुझ्याकडे आहेत, काढून बघ. पित्त लिहिलं, घाम लिहिला, दम लागतो लिहिलं. आवळतं, हे मी हसिनालाही सांगितलेलं नव्हतं. आणि माझा जबडा जड होत नाही. माझं फक्त छातीत होतं.

शादाब, दोरी कुणाच्या छातीभोवती आहे?

बारावीला तू काठावर पास झालास, ते मी विसरलेलो नाही. माणूस महिना महिना एवढं वाचत बसतो ते भावाच्या एका प्रश्नासाठी नाही. म्हणून पंखा लावला होतास. तू लपला नव्हतास, तू पडून होतास. आणि जीनतचे डोळे भांडणाने लाल नव्हते. आणि मी बाहेर उभा राहून गेटाचं ऑक्साइड तपासत बसलो.

लगेच अमृताला फोन करून विचारलं. म्हणाली, वडील असे गेले आणि भावाला हे निघालंय, तर धाकट्यालाही बघितलंच पाहिजे, उशीर करू नका. तिला तुझं नाव सांगितलं तर तिला तू आठवतोस. 'ते मनगटावर डागवाले काका?' म्हणाली. मी म्हटलं, डाग कसले? तर म्हणाली, 'ते गोणपाट धरायचे ना, त्यांच्या मनगटांवर ठिणग्या पडायच्या. मी आईकडून हळद आणून दिली होती.'

इतकी वर्षं मी वर बघून वेल्डिंग केलं. खालचं ऑक्साइड नीट राहिलं की नाही तेवढंच बघितलं. गोणपाट धरणाऱ्यावर कुणी गोणपाट धरत नव्हतं, हे एका दप्तरवाल्या पोरीला दिसलं, मला दिसलं नाही. मला आज फार रडू आलं.

असो. सोमवारी सकाळी कोंडाजीचा टेम्पो घेऊन येतो. त्याला सांगितलंय, माल नाही, माणूस न्यायचाय. तो म्हणाला, 'लय बेस झालं. पोस्ट बंद झालं एकदाचं.' दारात आलो की गेट उघडं पाहिजे. 'ते घरात नाहीत' असं जीनतला सांगायला लावलंस तर मी ते गेटच उपटून नेईन, जुन्या घरी त्याच्या बिजागऱ्या मीच बसवल्या होत्या, कशा काढायच्या ते मला माहीत आहे.

रक्ताची तपासणी उपाशीपोटी असते. तेव्हा बाबा, तुझी सवय मला ठाऊक आहे, उठल्या उठल्या चहा पिऊन बसू नकोस. परत येताना आपण दोघं मिळून घेऊ.

भाई